वैशाखातल्या खेपा

गद्र्यांना साधा प्रश्न विचारण्याची रेवदंड्यात कुणाची छाती होत नसे. अलिबागची मोटार किती वाजता सुटेल, असे कुणी विचारले तर ते चष्मा काढून उपरण्याने पुसत आणि म्हणत, "साडेआठ ते सव्वानऊ. अर्थात विसांतून एकदा मी चुकणार, ते आधीच सांगून ठेवतो." तोवर विचारणारा मोटारीकडे धावत सुटलेला असे. त्यांच्या पत्नी पुण्याच्या आणि जिभेच्या तिखट. त्या म्हणत, "चहात साखर किती घालू म्हणून विचारलं तर दीड ते अडीच चमचे म्हणतात. मी आता विचारतच नाही. माझ्या मनानं दोन घालते, आणि हे दर वेळी सांगतात की अंदाज मर्यादेत बसला."

हा मनुष्य गणित शिकलेला होता. मुंबईच्या एका कॉलेजात काही वर्षे शिकवून तो लंडनला गेला आणि तिथून संख्याशास्त्र नावाचा विषय घेऊन आला. त्या काळी आपल्याकडे तो विषय कुणाला फुकटही नको होता. परत येऊन पाहतात तो कॉलेजातली जागा भरलेली आणि स्वतःची छाती बिघडलेली. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून ते किहीमला एका स्नेह्याच्या नारळाच्या वाडीत येऊन राहिले. तिथून मगनशेठनी त्यांना उचलले.

मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. मगनशेठची पेढी रेवदंड्याच्या बंदरावर होती आणि मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे. मुख्य धंदा मंगळुरी कौलांचा. गावोगाव पेंढ्याची छपरे जाऊन कौले येत होती, आणि ज्याच्या घरावर मंगळुरी कौल चढे त्याच्या बोलण्याचालण्यात आठवड्याभरात फरक दिसे. शेठच्या चार फत्तेमाऱ्या, म्हणजे शिडांची मोठी मालवाहू गलबते, दक्षिणेकडून ही कौले भरून आणीत. पत्राच्या कागदावर मात्र शेठनी धूर सोडणाऱ्या आगबोटीचे चित्र छापून घेतले होते. आगबोट त्यांच्याकडे नव्हती. "पण पत्राला वजन येतं, भाई," असे ते म्हणत.

गद्र्यांना त्यांनी त्याच हिशेबाने ठेवले असावे. कोपऱ्यातली खोली दिली, दारावर पितळेची पाटी लावली, आणि पाटीवर 'प्रोफेसर' असे कोरून घेतले.

"अहो, मी प्रोफेसर नव्हतो. लेक्चरर होतो," गद्रे कळवळून म्हणाले.

"लेक्चरर पाटीवर मावत नाही," शेठ म्हणाले.

पेढीवर कुणी मोठा माणूस आला की शेठ त्याला त्या दारापर्यंत नेत आणि आवाज खाली आणून सांगत, "आत विलायती हिशेब चाललाय." पाहुणाही आवाज खाली आणी. आत गद्रे बहुधा शेंगदाणे खात असत.

पण हा दागिना कामाचा निघाला. पावसाळ्यापूर्वी तालुक्यात किती कौले खपतील याचा अंदाज शेठ आजवर देवघरात बसून करीत. मग कधी माल संपून गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीकडे जाई, तर कधी उरलेल्या कौलांच्या राशींवर अंगणात शेवाळ धरे. गद्र्यांनी तालुक्यातल्या गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, थोड्या उचलल्या, आणि त्या गावांत जाऊन कुणाकुणाला छप्पर शाकारायचे आहे ते विचारून आले. एका चिठ्ठीत डोंगराच्या कुशीतली चार झोपड्यांची वाडी निघाली. शेठ म्हणाले, "ती सोडा. त्याऐवजी चौल घ्या. रस्ता चांगला आहे, जेवायची सोय आहे."

"चिठ्ठी निघाली म्हणजे जायचं," गद्रे म्हणाले. "सोयीची गावं निवडली की सोयीचं उत्तर येतं." आणि छातीचे दुखणे घेऊन ते तो डोंगर चढले.

परत आल्यावर त्यांनी शेठपुढे एक खालचा आकडा ठेवला आणि एक वरचा. खप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असेल म्हणाले.

"मधे म्हणजे कुठे? मी मागवू किती?"

"ते तुम्ही ठरवायचं. माल कमी पडला तर जास्त नुकसान, की उरला तर?"

 इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न शेठना कुणी विचारला नव्हता. "कमी पडला तर," ते शेवटी म्हणाले.

"मग वरच्या टोकाच्या जवळ राहा."

त्या वर्षी माल पुरला आणि अंगणात शेवाळ धरण्याइतका उरलाही नाही. शेठनी ही गोष्ट प्रथम स्वतःच्या अंतःप्रेरणेच्या नावे सांगितली, आणि ऐकणारे पुरेसे चकित होईनात तेव्हा 'आमच्या प्रोफेसरां'च्या नावे. गावातली मंडळीही मग गद्र्यांकडे येऊ लागली. मुंजीला पाने किती घ्यावी, वाडीत नारळ किती उतरतील. सगळ्यांना ते मर्यादा सांगत, आणि सगळे चिडत. "एकच काय ते सांगा ना!" यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते. "छातीठोकपणे एकच आकडा सांगणारा माणूस एक तर देव असतो, नाही तर दलाल."

मला हे वाक्य फार आवडे. बढाईखोरांच्या त्या बाजारात स्वतःचे अज्ञान मोजून दाखवणारा हा एकच माणूस मला भेटला होता. म्हणूनच पुढचे लिहिताना हात जड होतो.

कौले फुटतात. पेंढ्यात कितीही नीट रचली तरी गलबत हलते, कौलावर कौल आपटते. फुटलेली कौले खलाशी वाटेतच समुद्रात टाकीत आणि बंदरात आल्यावर तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, फुटीचा आकडा सांगे. शेठच्या मनात जुना किडा होता. मंगळूर आणि रेवदंडा यांच्यामध्ये बंदरे पुष्कळ, आणि प्रत्येक बंदरात कौले हवी असणारा कुणीतरी असतोच. फुटली म्हणून सांगितलेली सगळी खरोखर फुटलेलीच असतात का? तीन वर्षांच्या वह्या त्यांनी गद्र्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

गद्रे त्या आठवड्यात इतके आनंदात होते की शेंगदाण्यांची पुडी तशीच राहिली. लंडनला शिकलेली एक कसोटी त्यांना इथे पहिल्यांदाच वापरायला मिळत होती. काय-स्क्वेअर असे तिचे नाव. ते मला समजावून सांगत. "चारही फत्तेमाऱ्या सारख्याच आहेत असं आधी धरायचं. तसं असतं तर प्रत्येकीत किती फुटायला हवी होती, ते काढायचं. प्रत्यक्षात किती फुटली, ते त्याच्याशेजारी मांडायचं. थोडा फरक असला तर तो योगायोग. फार फरक असला तर मात्र योगायोगाला तेवढं ओझं उचलवत नाही."

ओझे ज्याच्यावर आले तो इस्माईल तांडेल. रेवदंड्याच्या मोहल्ल्यातला, उंच, पिकल्या दाढीचा, फार थोडे बोलणारा. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून तो पेढीच्या गलबतावर होता. पेढीची पायरी चढण्यापूर्वी पायांची वाळू झटकी, आणि बस म्हटल्याखेरीज बसत नसे. त्याच्या फत्तेमारीवर शिवी द्यायची नाही असा त्याचा नियम होता. खलाशी सांगत की वादळातसुद्धा तो फक्त "अरे भल्या माणसा" एवढेच ओरडतो, आणि ते शिवीपेक्षा जास्त लागते.

निकाल सांगायच्या दिवशी पेढीवर मामलेदार चहाला आलेले होते. शेठनी मुद्दाम तीच वेळ साधली.

"हं प्रोफेसर, काय म्हणतो विलायती हिशेब?"

"तीन फत्तेमाऱ्या एका मेळातल्या आहेत," गद्रे म्हणाले. "इस्माईलची वेगळी पडते. तिच्यात फूट जास्त आहे."

"थोडं कमीजास्त व्हायचंच."

"एवढं नाही. नुसत्या योगायोगानं एवढा फरक हजारांत एकदाही पडणार नाही."

मामलेदारांनी बशी खाली ठेवली. शेठ गादीवरून पुढे सरकले. "म्हणजे तो माल वाटेत विकतो."

गद्र्यांनी चष्मा काढला. पुसला. मला वाटले, आता मर्यादा येणार. आता ते सांगणार की योगायोग नाही म्हणजे काय आहे ते अजून पाहायचे आहे. पण सगळी खोली त्यांच्याकडे पाहत होती, आणि मामलेदारांच्या चेहऱ्यावर तो आदर होता जो लंडनहून परतल्यापासून त्यांना कुणी दाखवला नव्हता.

"योगायोग नव्हे," ते म्हणाले, "एवढं नक्की."

'नक्की' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

शेठनी इस्माईलला पेढीवर बोलावले नाही. बंदरावर, हमाल, कोळणी आणि खलाशी यांच्यादेखत त्याला उभे केले, आणि कागद हातात धरून सांगितले की विलायती शास्त्राने तू चोर ठरला आहेस.

"शेठ, कौलं दर्यानं फोडली," इस्माईल म्हणाला.

"दर्या सगळ्यांना एकच. मग तुझीच कशी फुटतात?"

इस्माईल उत्तर देणार असे वाटले. त्याने तोंड उघडलेही. मग इकडेतिकडे पाहिले आणि मिटले. शेठना तेवढे पुरे होते. बंदरालाही पुरे झाले. मीही त्या गर्दीत होतो आणि खरे सांगायचे तर शास्त्रावर कुणाचा इतका विश्वास बसलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. जी माणसे मोटारीच्या वेळेवरून गद्र्यांची टर उडवीत, त्यांनी हे मात्र एका दमात मानले.

इस्माईलला त्यानंतर कुणी तांडेल म्हणून घेतले नाही. त्या वयात तो दुसऱ्याच्या मचव्यावर, म्हणजे लहान गलबतावर, साधा खलाशी म्हणून जळाऊ लाकडे वाहू लागला. बंदरावरून जाताना पोरे ओरडत, "चाचा, आज किती फुटली?" मोठी माणसे पोरांना दटावीत. पण आधी हसून घेत, मग दटावीत.

वर्ष गेले. चैत्र संपला. मालाची निकड होती आणि एकही फत्तेमारी निघत नव्हती. शेठनी हिरू नाखव्याला बोलावून घेतले. हा त्यांच्या गलबतांवरचा वडीलधारा कोळी तांडेल.

"नाखवा, पाळी तुझी आहे. निघत का नाहीस?"

"एकवीरेची जत्रा करून आलू शेठ, आता घरान पोरीचं लगीन हाय. वैशाखान आमी कवा गेलेलू?"

"कवा म्हणजे? दरवर्षी वैशाखात माल आला, तो काय उडत आला?"

 पाळी आपसांत बदलायला शेठची सक्त मनाई होती. "इस्माईल जायचा," हिरू शेवटी म्हणाला. "त्याचे रोजे आले का त्याच्या खेपा आमी मारायचू. आमची जत्रा न् लगीनसराई आली का आमच्या सगल्यांच्या खेपा त्यो मारायचा. बापाच्या येळेपासून हाय ह्यो रिवाज."

कोपऱ्यातल्या खोलीचे दार उघडले. गद्रे उंबऱ्यात उभे होते.

"त्या तीन वर्षांत रोजे कधी आले होते, नाखवा?"

"थंडीन."

"तेव्हा समुद्र कसा असतो?"

"कसा आसंल? ताटानल्या पान्यावानी."

"आणि वैशाखात?"

हिरूने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. असा प्रश्न बंदरावर पाच वर्षांचे पोरही विचारणार नाही, असा भाव त्याच्या तोंडावर होता. "वैशाखान त्यो फुगतो ना, साहेब. नांगरावर सुदीक होरी डुलते."

गद्रे आत गेले. दुपारी त्यांनी मला हाक मारली. पूर्वी जे कोष्टक फत्तेमारीवार मांडले होते ते आता महिनेवार मांडले होते. थंडीच्या महिन्यांत इस्माईलची फूट इतरांएवढीच. फत्तेमाऱ्यांमधला फरक नाहीसा झाला होता. वैशाखाच्या रकान्यात बाकीच्या तिघांपुढे शून्ये होती. ती फुटीची नव्हती, खेपांची होती.

"तारखा वहीत होत्या," गद्रे म्हणाले. "मला कुणी विचारल्या नाहीत, म्हणून मीही वाचल्या नाहीत." मग थोड्या वेळाने, "आणि एक कौल आपटलं की शेजारची चार फुटतात. माझ्या कसोटीनं प्रत्येक कौल वेगळं धरलं, जणू ते आपापल्या मर्जीनं फुटतं. हे मी पहिल्या वर्षाच्या पोराच्या पेपरातसुद्धा खपवून घेतलं नसतं."

मग इस्माईल बंदरावर तोंड उघडून का मिटला, हेही माझ्या लक्षात आले. स्वतःला वाचवायचे तर त्याला सांगावे लागले असते की बाकीचे तिघे शेठचा हुकूम मोडतात. त्याने सांगितले नाही. आणि त्या तिघांनी वर्षभर तोंड उघडले नाही, कारण हुकूम मोडल्याची भीती होती, आणि शास्त्रानेच शोधले आहे तर इस्माईलने थोडा माल विकलाही असेल, असे त्यांनाही वाटून गेले होते. हिरूने हे मला नंतर सांगितले, तेव्हा त्याने मान वर केली नाही.

गद्रे नवे कोष्टक घेऊन शेठकडे गेले. शेठनी ते हातातही धरले नाही. "प्रोफेसर, गेल्या वर्षी आकडे एक बोलले, या वर्षी दुसरं बोलतात. आकड्यांनी एकदाच बोलावं."

"चूक आकड्यांची नाही, माझी आहे."

"मग ती खोलीत ठेवा. बाहेर पाटी आहे." पण माल तर हवा होता. शेठनी विचार केला आणि हिरूला म्हणाले, "इस्माईलला सांग, शेठनी माफ केलं. वैशाखाच्या खेपा त्यानं कराव्या."

इस्माईलचा निरोप उलट आला. "जिथं उभं करून चोर बोललात, तिथंच उभं राहून चोर न्हाय बोला. मग येतो." त्याने मागितले ते एवढेच. शेठ काही बंदरावर जाणार नव्हते. त्यांनी गद्र्यांना पाठवले.

कौलांच्या राशीवर चढून गद्रे बोलायला उभे राहिले. बंदर पुन्हा जमले होते. मागे, खलाशांच्या घोळक्यात, इस्माईल उभा होता. गद्र्यांनी सुरुवातीलाच सांगितले की चूक माझी. मग ती कशी झाली ते सांगायला घेतले. खेपांचे महिने, समुद्राची हालचाल, कौलांचे एकमेकांवर आपटणे. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. सगळे खरे होते आणि कुणालाही कळत नव्हते. शेवटी पुढे बसलेली एक कोळीण पाटी खाली ठेवून म्हणाली, "दादा, त्यो चोर हाय का न्हाय, येवढंच सांगा. माझी मासली नासते."

"तो चोर असल्याचा कोणताही पुरावा आता उरलेला नाही," गद्रे म्हणाले.

"म्हंजी आसंल बी?"

गद्रे थांबले. एक शब्द पुरे होता. सगळे बंदर त्या शब्दासाठी थांबले होते. मला वाटते, त्यांच्याही ओठांवर तो आला होता. पण आपल्याला जे मोजता आले नाही ते म्हणायचे नाही ही आयुष्यभराची सवय, आणि एकदा मोडून पाहिली तर काय झाले ते समोर उभे होते.

"नुसत्या आकड्यांवरून," ते म्हणाले, "निश्चित असं सांगता येणार नाही."

बंदर हसले. कोळणीने पाटी डोक्यावर घेतली. मागे पाहिले तेव्हा इस्माईल मोहल्ल्याच्या वाटेला लागला होता.

त्या संध्याकाळी मी गद्र्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींना सगळे आधीच कळले होते. "एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं?" त्यांनी विचारले.

"मला ते माहीत नव्हतं," गद्रे म्हणाले.

"आणि 'नक्की' म्हणालात तेव्हा माहीत होतं वाटतं?"

गद्र्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी तिथे बसलेलो आहे याची त्यांना आणि मला, दोघांनाही एकदम लाज वाटली, आणि मी उठलो.

दुसऱ्या दिवशी पितळी पाटीचे स्क्रू त्यांनी स्वतःच काढले आणि पेढी सोडली. मग ते इस्माईलच्या घरी गेले. सोबत मला नेले, कारण एकट्याने जाण्याचे बळ नव्हते. इस्माईलने बाहेर चटई टाकली, घरातून सरबत आणवले. गद्रे सरबताला हात न लावता म्हणाले, "तांडेल, तुम्ही चोर नाही. नक्की नाही."

 इस्माईल रागावला असता तर बरे झाले असते. "साहेब, ते मला ठाव हाय," तो म्हणाला. "माझ्या दारात येऊन मला काय सांगता? भायेर सांगायचं होतं. सरबत घ्या."

गद्र्यांनी हे फारच मनावर घेतले. अलिबागच्या एका शाळेत त्यांना गणिताची जागा मिळाली, आणि तिथून त्यांचे बाहेर सांगणे सुरू झाले. मोटारीत शेजारी बसणाऱ्याला, न्हाव्याला, कोर्टाच्या आवारात सावलीला बसलेल्या पक्षकारांना, वर्गातल्या मुलांना ते सांगत, "रेवदंड्याचा इस्माईल तांडेल चोर नाही." आता चष्मा पुसणे नव्हते, वरची-खालची मर्यादा नव्हती. छातीठोकपणे एकच एक वाक्य. ऐकणाऱ्याने इस्माईलचे नावही कधी ऐकलेले नसे. तो साहजिकच विचारी, "असं? काय चोरलं होतं त्यानं?" मग गद्रे पहिल्यापासून सगळे सांगत. ऐकणारा घरी जाऊन त्यातले अर्धे सांगे, आणि ते अर्धे कोणते ते सांगायला नको.

रेवदंड्यात एव्हाना ही गोष्ट विरत चालली होती. हिरू नाखव्याने आणि दुसऱ्या दोघा कोळ्यांनी मिळून इस्माईलला एक जुना मचवा डागडुजी करून दिला होता. बोलून काही कबूल करण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते असे केले. तो पुन्हा स्वतःच्या सुकाणूवर बसू लागला. पोरांना ओरडायला दुसरे कुणी सापडले होते. पण अलिबागेत, किहीमला, रेवसच्या धक्क्यावर, जिथे पूर्वी कुणाला पत्ता नव्हता तिथे आता 'कौलांचा चोर' या नावाने एक तांडेल प्रसिद्ध होता.

पेढीच्या एका दाव्यासाठी मी अलिबागला गेलो होतो आणि मधल्या सुट्टीत गद्र्यांना भेटायला शाळेत थांबलो होतो, तेव्हा फाटकातून इस्माईल आत आला. त्याने पायांची वाळू झटकली. गद्रे धावत पुढे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी आशा होती की मला दुसरीकडे बघावेसे वाटले.

"साहेब, एक मेहरबानी करा," इस्माईल म्हणाला. "आता बोलू नका."

"पण मी तर तुमच्याच बाजूनं—"

"मालूम हाय. माझ्या पोरीला बघायला मुरुडची मानसं येनार होती. ती आधी कोर्टाच्या कामाला अलिबागला गेली. इथं त्यांना सगली हकीकत कलली, म्हनून तशीच परत गेली." त्याचा आवाज चढला नव्हता. "फुटलेलं कौल दर्यात टाकलं का तळाला जाऊन बसतं, साहेब. कोन बघतो त्याला? तुमी रोज बुडी मारून त्ये वर काढता."

 मैदानात मुलांचा गोंगाट चालू होता.

"मग मी काय करू?" गद्र्यांनी विचारले. खरोखर एखाद्या विद्यार्थ्याने विचारावे तसे.

"काय न्हाय."

"काहीच नाही?"

"व्हय. येवढं जमवा."

इस्माईलने मला सलाम केला, त्यांना केला, आणि तो निघून गेला. घंटा झाली. गद्रे वर्गाकडे वळले, दोन पावले गेले, थांबले, आणि उलट शिक्षकांच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. त्या तासाला मुलांनी पुष्कळ दंगा केला.

त्यानंतर ते त्या विषयावर बोलल्याचे मी कुणाकडून ऐकले नाही. मुरुडची माणसे पुन्हा आली की नाही, तेही मला कळले नाही. विचारणार कुणाला?

गद्र्यांना मी शेवटचे पाहिले ते रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर. महायुद्ध अजून सुरू झालेले नव्हते, पण लाँचवर कुणी दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हते. गद्रे छातीच्या उपचारांसाठी मुंबईला निघाले होते आणि बरेच उतरले होते. आमच्या बाकावर मुंबईचा एक तरुण कारकून होता. सुट्टीत समुद्रकिनारा पाहून परतणारा माणूस जितका खूष असतो तितका तो खूष होता, आणि दिसेल त्याचे नाव विचारीत होता.

खाडीच्या तोंडाशी एक मचवा शीड भरून आमच्या अगदी जवळून गेला. सुकाणूवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ताठ बसला होता. लाँचच्या लाटेवर मचवा उचलला गेला, म्हाताऱ्याने मनगट किंचित वळवले, आणि त्यावरची गवताची एक पेंढीही हलली नाही.

"वा!" कारकून म्हणाला. "कोण हो तो म्हातारा? माहीत आहे का तुम्हाला?"

गद्र्यांचे तोंड उघडले. मी त्यांच्याकडे पाहणे टाळले. 

"ते इस्माईल तांडेल," गद्रे म्हणाले.

कारकून आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून त्यांच्याकडे बघत थांबला. गद्रे मान खाली घालून बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड घट्ट धरली होती, आणि मचवा दृष्टीआड होईपर्यंत ती सोडली नाही.